चिरंजीवांनी टोपी घातली

‘टेरेस’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? पापड-कुरडया वाळत घातलेली गच्ची, हो ना? माझ्याही डोळ्यांपुढं तेच यायचं. म्हणून १९८३ साली आमचे चिरंजीव, वय वर्षं तेरा, जेवता जेवता म्हणाले, "आई, शनिवारी मी टेरेसवर जाणार आहे," तेव्हा मी म्हटलं, "जा की. पण कुणाच्या? आणि कठड्यावरून वाकू नकोस हं." तो आणि त्याचे वडील इतके हसले की ताटातली आमटी टेबलावर सांडली. पुसली अर्थात मीच.

हा प्रसंग आमच्या मिरजेतला नव्हे, इंग्लंडातला, मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्ट गावातला. १९६८ साली लग्न होऊन मी इथं आले. हे इथल्या एका इस्पितळात डॉक्टर. इथल्या फुटबॉलच्या मैदानांत गोलच्या मागं सिमेंटच्या रुंद रुंद पायऱ्या असत, अगदी आपल्या कृष्णेच्या घाटासारख्या. बसायचं नाही, दोन तास खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. तिकीट स्वस्त, त्यामुळं कारखान्यातले कामगार आणि शाळकरी पोरं सगळी तिथंच. त्या पायऱ्या म्हणजे टेरेस.

तुम्ही म्हणाल, फुटबॉल हा पुरुषांचा मामला, त्याचं आपल्याला काय? अहो, मैदानात काय चालतं ते मला आजही धड कळत नाही. पण मैदानावर जाताना पोरानं अंगावर काय चढवलं आणि येताना ते कुठल्या दशेत घरी आलं, ते सगळं चाळीस वर्षं माझ्या हातांखालून गेलंय. धुतलंय, रफू केलंय, बटणं लावलीत. आणि एकदा तर कुलपातही घातलंय. त्या कुलपाचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी टोप्यांबद्दल सांगते.

हे स्टॉकपोर्ट म्हणजे टोप्यांचंच गाव. सशाच्या मऊ लवेपासून नमदा करायचा, तो साच्यावर चढवायचा आणि त्याच्या साहेबी हॅट बनवायच्या, हा इथला पिढीजात धंदा. १८८४ च्या सुमाराला वर्षाला साठ लाखांवर टोप्या या गावातून परदेशी जात होत्या. लव चिकटून यावी म्हणून पारा वापरत आणि त्याच्या वाफेनं कारागिरांचे हात थरथरत, डोकं फिरे. शेवटचा मोठा कारखाना १९९७ साली बंद झाला. आता उंच धुराड्याच्या एका जुन्या गिरणीत टोप्यांचं संग्रहालय आहे. इथल्या फुटबॉल क्लबाचं, स्टॉकपोर्ट काउंटीचं, टोपणनावसुद्धा ‘हॅटर्स’, म्हणजे टोपीवाले!

पण गंमत बघा, ज्यांनी साहेबाच्या हॅट केल्या ते स्वतः मात्र शनिवारी मैदानावर जाताना घालत ती कापडाची चपटी टोपी. पुढं लहानशी कडक चोच, वर नुसतं भाकरीसारखं बसकं कापड. या टोपीमागं म्हणे कायदाही होता. १५७१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं फर्मान काढलं की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसानं रविवारी आणि सणाला इंग्लंडात केलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड! लोकरीचा धंदा चालावा हा हेतू. उमरावांना सूट. कायदा १५९७ साली गेला, पण लोकरीची टोपी म्हणजे साध्या माणसाची, ही खूण डोक्यावरून काही उतरली नाही.

लंडनच्या वेम्बली मैदानावर १९२३ साली पहिल्यांदा मोठा अंतिम सामना झाला, त्याचे फोटो मी पाहिलेत. माणसं इतकी लोटली की मैदानावरच उतरली आणि पांढऱ्या घोड्यावरच्या एका पोलिसानं त्यांना मागं सारलं. मोजून आत आलेले सव्वा लाखाच्या वर, न मोजलेले किती ते देव जाणे. पण मला त्या फोटोत घोडा नंतर दिसला. आधी दिसल्या त्या टोप्या. टोप्याच टोप्या, जणू पंढरपूरचं वाळवंट! एक डोकं उघडं दिसेल तर शपथ. एल. एस. लौरी नावाच्या इथल्याच चित्रकारानं १९५३ साली बोल्टनच्या मैदानाकडं निघालेल्या माणसांचं एक चित्र काढलंय. काडेपेटीतल्या काड्यांसारखी माणसं, वाऱ्याच्या तोंडावर वाकून निघालेली. २०२२ साली ते लिलावात अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना गेलं, आणि आपल्यासारख्यांना बघायला सॅलफर्डच्या कलादालनात टांगलेलं आहे.

मला ते चित्र बघितलं की माझे बाबा आठवतात. काळी टोपी डोक्यावर चढवल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. दादानं कॉलेजात गेल्यावर टोपी सोडली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. इथंही तसंच झालं असणार. लढाईनंतरच्या पोरांनी बापाची चपटी टोपी खुंटीला ठेवली ती ठेवलीच.

टोपी गेली आणि तिच्या जागी आली लोकर. क्लबाच्या रंगांचा मफलर, क्लबाच्या रंगांची गोंड्याची कानटोपी. दुकानात मिळत, पण पुष्कळशा घरी विणलेल्या. इथल्या कितीतरी आयांनी आणि आज्यांनी, ज्यांनी आयुष्यात मैदानाचं तोंड पाहिलं नाही, पोरांचे क्लब सुयांवर विणले. माझ्या शेजारच्या आजीबाई त्यांतल्याच. "सुरुवातीला एक सुलट एक उलट, दोन इंच, म्हणजे कानांना घट्ट बसते," हे त्यांनीच मला शिकवलं. इंग्रजी नीट येत नव्हतं, पण सुयांची भाषा एकच ना!

तर चिरंजीव टेरेसवर जायला लागले तशी मीही उत्साहानं निळी-पांढरी लोकर आणली आणि तीन रात्री बसून टोपी विणली. वर हा एवढा गोंडा! पुठ्ठ्याच्या दोन चकत्या घेऊन त्यांवर लोकर गुंडाळून करतात ना, तसा. शनिवारी ती घालून तो दारातून निघाला आणि मी खिडकीतून कोपऱ्यापर्यंत तो गोंडा हलताना बघत राहिले. परक्या देशातलं पोर माझं, पण आता गावाचा रंग डोक्यावर आहे, ह्या गावाचा झाला, असं काहीतरी मला वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

महिन्या-दीड महिन्यानं एका शनिवारी आजीबाईंचे कपडे वाळत घालायला त्यांच्या मागच्या अंगणात गेले. कुंपणाच्या झुडपात काहीतरी निळं दिसलं. बघते तो प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली माझी टोपी! पोरगं घरून टोपी घालून निघायचं, कोपरा वळला की ती काढून झुडपात खोचायचं आणि येताना पुन्हा डोक्यावर चढवून दारात हजर. दर शनिवारी. मला टोपी घालत होता म्हणायचा, दुसरं काय!

मैत्रिणींनो, मला काय वाटलं असेल? आईनं विणलेलं घालायची लाज वाटते. साडीतल्या आईचीच लाज वाटते. मी काही बोलले नाही. टोपी होती तिथं ठेवली. पुढचा आठवडाभर त्याला आवडतं ते काही केलं नाही, एवढंच. कारल्याची भाजी दोनदा केली.

त्यानंतर त्याच्या अंगावर एकेक नवलाई यायला लागली. सकाळी साडेपाचला उठून घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा आणि ते पैसे साठवून काय घेतलं? तर टेनिसचे बूट! खेळायचं फुटबॉलही नाही, नुसतं बघायचं, आणि त्याला टेनिसचे बूट. मग छातीवर मगर काढलेला सदरा. मग टेनिसच्या खेळाडूंचं इटालियन जाकीट. हे सगळं काय आहे, मला काही कळेना.

आता कळलंय, म्हणून सांगते. १९७० च्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचा क्लब युरोपात फार जिंकत होता. १९७७ साली रोमला, १९८१ साली पॅरिसला अंतिम सामने जिंकले. क्लबामागं तिथली पोरं आगगाडीनं युरोप हिंडली आणि तिथल्या खेळाच्या दुकानांतून इंग्लंडात न मिळणारे बूट आणि जाकिटं घेऊन आली. काहींनी विकत घेतली, काहींनी तशीच उचलली, असं तीच पोरं म्हातारपणी हसत हसत सांगतात. १९८२ साली लिव्हरपूलला असल्या बुटांचं खास दुकानच निघालं. मँचेस्टरच्या पोरांचा नाद आणखी आधीचा. ती फ्रेड पेरीचे सदरे घालत, म्हणून त्यांना ‘पेरी बॉइज’ म्हणत. हा फ्रेड पेरी कोण? टेनिसपटू. १९३४, ३५, ३६ अशी लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डन जिंकलेला. १९५२ साली त्यानं छातीवर पानांचा हार भरलेला सदरा बाजारात आणला. आणि जन्मानं आमच्याच स्टॉकपोर्टचा, बरं का! मगरवाला लाकोस्तही टेनिसपटूच, फ्रान्सचा. म्हणजे श्रीमंतांच्या टेनिसचे कपडे गिरणीवाल्यांच्या पोरांनी पायऱ्यांवर नेले.

नंतर टेनिस मागं पडलं आणि गोल्फ आलं. शंकरपाळ्यांच्या नक्षीचे मऊ मऊ स्कॉटिश स्वेटर. पेन्शनीत निघालेले काका घालतात तसले. काही दिवस तर शेरलॉक होम्सची टोपी आली. ती पुढं-मागं चोच आणि कानांवर पडदे असलेली. केसांची झुलपं एका डोळ्यावर सोडलेली सतरा वर्षांची पोरं, डोक्यावर शेरलॉक होम्स! मी बसस्टॉपवर अशी दोघं पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसले. या पोरांना नाव पडलं ‘कॅज्युअल्स’. म्हणजे सहज अंगावर चढवून निघालेले. आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको की सहज दिसण्याला किती वेळ लागतो ते. कुठला बूट या महिन्यात चालतो आणि पुढच्या महिन्यात घातला तर हसतील, याचा हिशेब ती पोरं आपल्या लग्नसराईतल्या साड्यांहून बारीक ठेवत.

यात एक मेख होती. यांच्या अंगावर क्लबाचा रंग कुठंच नसे. मफलर नाही, गोंडा नाही. १९७० च्या दशकात मैदानावर मारामाऱ्या फार. डोकं भादरलेली, जाड बुटांची पोरं. पोलीस त्यांना आणि मफलरवाल्यांना स्टेशनवरच ओळखत आणि मेंढरांसारखं हाकत मैदानापर्यंत नेत. शंकरपाळ्यांच्या स्वेटरातल्या पोराला कोण अडवणार? तो बँकेतल्या कारकुनाचा मुलगा दिसे. म्हणजे ज्यांना खरोखर मारामारी करायची त्यांच्यासाठी हा उत्तम बुरखाच झाला. आणि ज्यांना करायची नव्हती, नुसतं झोकात दिसायचं होतं, ती पोरंही तेच कपडे घालत. बाहेरून दोघं सारखे.

माझा मुलगा दोघांतला कुठला, हे मला बाहेरूनच ठरवायचं होतं.

१९८४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. साठवलेल्या सगळ्या पैशांचा त्यानं तसला स्वेटर आणला. निळा, छातीवर शंकरपाळी. आमचे हे म्हणाले, "गोल्फ खेळायला निघाला काय रे राजे?" तिथवर थट्टाच होती. पण पंधरवड्यानं वर्तमानपत्रात फोटो आला. कुठल्याशा स्टेशनवर मारामारी, पोलिसांनी धरलेली पोरं, आणि एकाच्या अंगावर हुबेहूब तोच स्वेटर. आजीबाईंनीच तो अंक कुंपणावरून माझ्या हातात दिला आणि नुसती मान हलवली.

त्या रात्री घरात जे झालं ते लिहीत नाही. "इतकी वर्षं मान खाली घालून नोकरी केली ती याच्यासाठी?" असं हे म्हणाले, एवढं सांगते. पोरगं एवढंच म्हणत राहिलं, "बाबा, तुम्हांला कळत नाही. तुम्हांला कळत नाही." हे मला म्हणाले, "तो स्वेटर आण." मी आणला. मिरजेहून येताना आणलेली माझी लोखंडी ट्रंक, तिच्यात शालूखाली तो ठेवला आणि कुलूप मी लावलं. यांनी नव्हे, मी. किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या पिनेला.

पुढच्या शनिवारी तो शाळेचा कोट घालून गेला. सामना दुसऱ्या गावी होता. रात्री परत आला तेव्हा खालचा ओठ फुटलेला, कोटाची बाही खांद्यातून उसवलेली. म्हणाला, पायऱ्यांवरून पडलो. मी हळद-पाण्यानं ओठ धुतला, बाही शिवली, आणि मनात म्हटलं, बरं झालं स्वेटर काढून घेतला, मारामारीच करत होता. तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. तो स्वेटर त्यानं पुन्हा मागितलाही नाही.

पुढची वर्षं फुटबॉललाच वाईट गेली. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून छप्पन्न माणसं गेली. त्याच महिन्यात ब्रसेल्सला लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या धावपळीत भिंत कोसळून एकोणचाळीस गेली. आणि १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डचं हिल्सबरो. पायऱ्यांवर जाळ्यांच्या पिंजऱ्यांत चेंगरून, तेव्हा आणि पुढं वर्षांनी, मिळून सत्त्याण्णव बळी. त्यांतला सत्त्याण्णववा २०२१ साली गेला. आमचा मुलगा तिथं नव्हता, शिकायला दुसऱ्या गावी होता. पण संध्याकाळी त्याचा फोन येईपर्यंत मी देवासमोरून उठले नाही. पहिले काही दिवस जो तो म्हणत होता, गुंड पोरं, त्यांचीच चूक असणार. चूक त्यांची नव्हती, हे ज्यूरीनं सांगायला २०१६ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं आया कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. त्यानंतर १९९० च्या चौकशी अहवालानं मोठ्या क्लबांच्या मैदानांतल्या उभं राहायच्या पायऱ्याच काढायला लावल्या, आणि तिथं खुर्च्या आल्या.

टेरेस गेली, पण टेरेसवरचे कपडे काही गेले नाहीत. पहिल्या पगारात मुलानं इटलीचं एक जाकीट घेतलं. डाव्या दंडावर होकायंत्राचं चित्र असलेली कापडी पट्टी, दोन बटणांवर अडकवलेली. त्याची किंमत ऐकून मी खुर्चीत बसले. (तुमच्या घरात असलं जाकीट आलंच, तर धुण्यापूर्वी ती पट्टी काढून ठेवा. आणि मऊ लवेच्या कातड्याचे बूट कधीही पाण्यात घालू नका. किटलीच्या वाफेवर धरायचे आणि जुन्या दाताच्या ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचे, लव पुन्हा उभी राहते.) एकदा त्या पट्टीचं बटण तुटलं, ते मी लावून दिलं. लावता लावता विचारलं, "हे दंडावर कशाला रे, चपराश्यासारखं?" म्हणाला, "आई, असू दे ना." मी असू दिलं.

२००८ साली हे गेले. पुढच्या वर्षी मुलगा आवरासावर करायला मदतीला आला, तेव्हा ती ट्रंक उघडली. शालूखालून स्वेटर निघाला. चोवीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत राहून जसाच्या तसा! चाळिशीला आलेला माझा मुलगा तो हातात घेऊन पलंगावर बसला आणि मग बोलला.

ती विणलेली टोपी घालून तो पहिल्यांदा बाहेरगावी गेला होता, तेव्हा स्टेशनच्या फलाटावर चौघांनी धरलं. टोपीवरून कळलं कुठल्या क्लबाचा, आणि तोंडाकडं बघून उरलेलं कळलं. तेव्हाच्या इंग्लंडात आपल्या रंगाच्या माणसाला जी शिवी देत ती दिली. एकजण अंगावर थुंकला. टोपी रुळांवर फेकली. गाडी गेल्यावर हा खाली उतरून ती घेऊन आला. रुळांवर उतरला! तेरा वर्षांचा!

"टोपी काढता येत होती आई, तोंड कुठं काढून ठेवू?" तो म्हणाला. "स्वेटर घातला की लोक आधी स्वेटर बघायचे. कुठला आहे, खरा आहे का, कुठून मिळवलास. पायऱ्यांवरची मोठी पोरं म्हणायची, हा आपल्यातला. मग कुणी हात लावायचा नाही. बरेच दिवस तेवढंच होतं माझ्याकडं."

शाळेच्या कोटातल्या त्या शनिवारी, त्याच्याकडं ते नव्हतं.

तो काही अगदी संत नव्हता, हेही त्यानंच सांगितलं. "आम्हीसुद्धा दुसऱ्या गावच्या पोरांना पळवलंय. एकदा एकजण पडला आणि मी थांबलो नाही." त्याच्या सोबत्यांतला एकजण पुढं तुरुंगातही गेला. म्हणजे फोटो दाखवणाऱ्या आजीबाई अगदीच चूक नव्हत्या, आणि आम्हीही नव्हतो. पण त्यानं जे "तुम्हांला कळत नाही" म्हटलं होतं, तेही खरंच होतं ना? मी विचारलं, "मग झुडपात का ठेवायचास? फेकून का नाही दिलीस टोपी?" तर माझ्याकडं बघून म्हणाला, "तू विणली होतीस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली होती ती. घडी करून. इथं रोज पाऊस, भिजू नये म्हणून. मी त्या दिवशी पिशवी हातात धरून उभी होते आणि मला फक्त झुडूप दिसलं.

असो. टोप्यांचं पुढचं सांगायचं राहिलंच. शेरलॉक होम्सनंतर टेरेसच्या पोरांनी आणखी एक साहेबी वस्तू उचलली. ती बर्बरीची चौकडी, बदामी कापडावर काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रेघांची. त्या चौकडीची चोचीवाली टोपी इतक्या भांडखोर डोक्यांवर दिसायला लागली की २००४ साली कंपनीनं ती टोपी करणंच बंद केलं. बघा, धंदा चालावा म्हणून सक्तीनं टोपी घालायला लावणारा तो देश, आणि धंदा टिकावा म्हणून टोपी बंद करणारीही तिथलीच कंपनी!

मग आली बादली टोपी. उलट्या बादलीसारखी, कडा खाली पडलेली. उन्हात क्रिकेट बघायला आपल्याकडं घालतात तिचीच बहीण. मँचेस्टरच्या ‘स्टोन रोझेस’ या वाद्यवृंदाचा ढोलवाला रेनी ती घालायचा, त्याच्यावरून १९९० च्या आसपास ती पोरांत पसरली. वेल्सच्या लोकांनी तर तिला राष्ट्रीय पोशाखच केलंय. लाल, पिवळी, हिरवी. १९५८ नंतर थेट २०२२ साली वेल्सचा संघ विश्वचषकाला गेला, तेव्हा कतारच्या मैदानावर सप्तरंगी बादली टोप्या घातलेल्या काही बायकांना दारात अडवून टोप्या काढायला लावल्या. त्यांत वेल्सच्या बायकांच्या संघाची माजी कप्तान लॉरा मॅकॅलिस्टरही होती. बातमी बघताना मी मनात म्हटलं, टोपी काढायला लावणाऱ्याला टोपीचं भय असतं ते काही उगाच नाही.

आता आमची नात. सोळाव्या वर्षात आहे. बापाच्या फुटबॉलच्या वेडाचा सगळा वारसा तिच्याकडं. २०२५ च्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीत, मला म्हणाली, "आजी, तू एकदाही मैदानात आली नाहीस. या शनिवारी यायचंच." बाईसाहेब स्वतः बादली टोपी घालून तयार. मी म्हटलं, "अगं, कान उघडे राहतात या टोपीत, सर्दी होईल." आणि ट्रंकेतून निळी-पांढरी कानटोपी काढली. कसरीनं एका बाजूला भोक पाडलेलं. गोंडा अर्धा झडलेला. मी रफू करायला बसले, पण त्या निळ्या छटेची लोकर आता मिळते कुठं! माझ्याकडं होती ती जरा गडद. "राहू दे आजी, तशीच छान दिसते," म्हणून तिनं बादली टोपी खिशात कोंबली आणि रफूसकट कानटोपी डोक्यावर घातली. आरशात दोनदा बघितलं.

(लोकरीची जुनी टोपी कधी धुवायची झाली तर कोमट पाणी, अंगाचा सौम्य साबण, आणि पिळायची म्हणून नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि पालथ्या वाडग्यावर वाळवायची. उन्हात नाही. आकार जात नाही.)

तर अशा रीतीनं वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी मैदानात गेले. एजली पार्क त्याचं नाव, १९०२ पासून काउंटीचं घर. खाली घसरत घसरत पार सहाव्या पायरीवर गेलेला क्लब, पुन्हा चढत चढत वर आलाय. २०२४ साली आपला गट जिंकला, म्हणून गावात उत्साह. खुर्चीवर बसायला मिळालं. खेळाकडं बघण्यापेक्षा मी डोकी बघत होते. लग्नात आपण साड्या बघतो ना, तशी! गोंड्याच्या टोप्या पुष्कळ, बादल्या बऱ्याच. जुन्या कॅज्युअल्सचे केस पिकलेत, पोटं सुटलीत, पण जाकीट तेच आणि दंडावर होकायंत्र. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी काय घातलं होतं ठाऊक आहे? चपटी टोपी! त्यांच्या आजोबांची. फोटोतली. आमच्या चिरंजीवांनीसुद्धा. केस गेलेत ना आता, काय करणार.

आमच्या मागं एक पंजाबी कुटुंब बसलं होतं, त्यांच्या मुलाच्या पटक्यावर क्लबाचा मफलर गुंडाळलेला. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी मागं वळून त्याला चॉकलेट दिलं. मी मुलाकडं बघितलं. तोही तिकडंच बघत होता. काही बोलला नाही. त्याच्या दंडावरच्या पट्टीचं एक बटण सैल झालं होतं, ते मी बोटानं चाचपून बघितलं. मी लावलेलंच होतं की दुसरं, कळलं नाही.

उत्तरार्धात वारा सुटला. मी पदर कानांभोवती घट्ट केला.

"आई, थंडी वाजतेय?"

"नाही रे."

"वाजतेय." आणि त्यानं आपली चपटी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. पदरावरूनच. टोपी मोठी, सरकली ती थेट नाकापर्यंत. तेवढ्यात सगळं मैदान उभं राहून ओरडलं, नात माझ्या गळ्यात पडली, आणि मी टोपी वर करून बघेपर्यंत गोल होऊन गेला होता.